आईंची मान

खोबरेल तेल बाटलीत थिजलं की आमच्या घरी थंडी आली असं धरतात. भिवंडीची थंडी ती काय, पौषातले पंधरा-वीस दिवस. नाशिककडच्या माणसाला सांगितलं तर हसेल. पण आमच्या कोन गावाला खाडी जवळ, पहाटे ओला गारवा घरात शिरतो, गोदामांच्या रांगेपलीकडचं काही दिसत नाही आणि ट्रक दिवे लावून उभे असतात. आज सकाळी बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती पांढरी झालेली बाटली माझ्यासमोर उलटी धरली. थेंब पडला नाही.

"सूनबाय, तेल थिजला गो," ते म्हणाले आणि बाटली उन्हात ठेवायला अंगणात गेले.

मी कणीक मळत होते. हात तसेच राहिले. तीन वर्षं झाली, पण तेल थिजलं की मला पहिली आठवण येते ती एका मासळीची, आणि ती आली की मागोमाग दुसरी येते. ती येऊ नये म्हणून मी बरेच उपाय करून पाहिले आहेत. शाळेच्या वह्या तपासते, कपाट आवरते, मुद्दाम कुणाशी तरी भांडते. उपयोग होत नाही.

मी दिघाशीची. भाताची शेती, वाल, दारात म्हैस. मासे आमच्याकडे आठवड्यातून एकदा, तेही शेजारच्या बाईने निवडून दिलेले. अशा घरातून मी खाडीकाठच्या घरात आले, जिथे सासूबाई पहाटे टोपली घेऊन बाहेर पडायच्या आणि दहाच्या आत रिकामी टोपली घेऊन परत यायच्या. जमिनीवर गोदामं उभी राहिली, घरात बऱ्यापैकी सुबत्ता आली, तरी आईंनी मासे विकणं सोडलं नव्हतं. "घरान बसून काय भिंती चाटू?" असं विचारायच्या. त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

लग्नानंतर आठ दिवसांनी त्यांनी मला बाजारात नेलं. मी शहाणपणा करून एक पापलेट निवडलं. चकचकीत, चांदीसारखं. आईंनी ते माझ्या हातातून घेतलं, अंगठ्याने त्याचा कल्ला वर केला आणि आतला मातकट रंग सगळ्या बाजाराला दाखवला.

"कातड्याला काय बगतेस गो? कल्ला उचलून बग. मासली कातड्यानं खोटा बोलंल, कल्ल्यानं न्हाय."

चार बायका हसल्या. मी लाजेने लाल झाले. पुढे सोळा वर्षं मी त्यांच्या हाताखाली मासे निवडले, साफ केले, आणि एकदाही कल्ला पाहिल्याशिवाय मासळी घेतली नाही. शाळेत मी शिकवते, पण मला शिकवलं त्यांनी, आणि माझ्यापेक्षा बरं शिकवायच्या. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, असं मी अभिमानाने सांगत असे. आता सांगत नाही.

गणपती गेले आणि आठवड्याने आईंना झटका आला. उजवं अंग गेलं. त्याहून वाईट म्हणजे बोलणं गेलं. ज्या बाईचा आवाज खाडीपुलाच्या त्या टोकाला ऐकू जायचा, ती खाटेवर पडून नुसते ओठ हलवायची आणि घशातून एक सूर यायचा. डोळे मात्र तेच. मला वाटायचं, सगळं बोलणं आत भरून ठेवलंय आणि दाराची कडी बाहेरून लागली आहे.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "उजव्या बाजूला त्यांचं लक्षच जात नाही. तिकडे काहीतरी ठेवा, बघावंसं वाटेल असं. मान वळली पाहिजे." आम्ही देवाची तसबीर ठेवली. आईंनी ढुंकून पाहिलं नाही. टीव्ही ठेवला, तर डोळे मिटून घेतले. मग माझ्या नवऱ्याने नाक्यावरच्या दुकानातून काचेची टाकी आणली, हातभर लांबीची, आणि तिच्यात एकच मासळी. नारिंगी-पिवळी, मागे लांब झिरझिरीत शेपटी.

बाबा संतापले. "मासली खायाची का पालाची? लोकं हसतील!" खाडीकाठच्या घरात शोभेचा मासा म्हणजे वाण्याने गूळ चाटायला न देता नुसता बघायला ठेवावा तसं. पण संध्याकाळी आईंची मान हलली. आधी जरा, मग आणखी जरा, आणि शेवटी पूर्ण उजवीकडे वळून त्या मासळीकडे त्या बघत राहिल्या. तोंडाचा डावा कोपरा वर गेला. बाबा दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मासळीला खाऊ टाकला आणि नावही त्यांनीच ठेवलं. हळदीच्या अंगाची, मागे शालू सोडलेला, म्हणून नवरी.

नवरीमुळे आई जेवायला लागल्या. हे मी वाढवून सांगत नाही. टाकीत खाऊ पडला, नवरी वर आली, की त्या तोंड उघडायच्या आणि मी तेवढ्यात घास भरवायचे. नवरी डावीकडून उजवीकडे गेली की मान वळायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते त्या बोटभर मासळीने केलं. म्हणूनच ती आजारी पडली तेव्हा आमच्या घराचा श्वास अडकला.

तेल थिजलं त्याच आठवड्यात मला तिच्या शेपटीवर रवा दिसला. तीन-चार कण. वाटलं, खाऊ चिकटला असेल. दुसऱ्या दिवशी पाठीवर, परांवर, डोक्यावर. ती तळाच्या खड्यांवर अंग घासायची, एकदम उसळायची आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन थांबायची. बाबांनी चष्मा पुसून पाहिलं आणि हसत म्हणाले, "नवरीवर कोनी अक्षता टाकल्यान गो?" मग आईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू गेलं. दुखणं हत्तीच्या पायाने येतं म्हणतात. हे मुंगीच्या पायाने आलं होतं.

दुकानदाराला मी फोनवर काढलेला फोटो दाखवला. दाढी पिकलेला, शांत माणूस. त्याने एकदाच पाहिलं. "व्हाइट स्पॉट है, भाभी. ठंड में पानी ठंडा हुआ तो ये कीडा पकड़ता है. सबकी टंकी में आता है, डरने का नहीं." त्याने निळ्या औषधाची बाटली दिली, पाणी कोमट ठेवायला काचेचा हीटर दिला आणि खडे मीठ घालायला सांगितलं. मी निघाले तेव्हा मागून म्हणाला, "और सुनो, दाना झड़ गया तो भी दवा बंद नहीं करने का. हफ्ताभर चालू रखने का."

मी मान डोलावली. हे वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

मिठाचा कारभार बाबांनी हाती घेतला. मी स्वयंपाकघरातली पुडी आणली तर त्यांनी ती बाजूला सारली. तरुणपणी ते मिठागरावर होते, उन्हात फळी ओढून त्यांच्या टाचांना कायमच्या भेगा पडल्या आहेत. "यो पुडीतला मीठ? याला ना खाडी ठाव, ना ऊन," असं म्हणून ते कुठूनसं जाडं मीठ घेऊन आले. तळहातावर घेतलं, बोटांनी चाळलं, तांब्यात विरघळवून धारेने टाकीत सोडलं. मग बोट बुडवून पाणी चाखलं, डोळे मिटून. "आजून चिमूटभर." पुन्हा चाखलं. "आथा बरा."

मी त्यांना छेडलं. "बाबा, नवरीचं सार करताय की औषध?"

"गप गो. मिठान जल्म गेला माझा. इतका तरी मिठानं करावा माझ्यासाठी."

त्या दिवसांत घरात दोन रोग्यांना ऊब देणं चालू होतं. सकाळी मी तेलाची बाटली गरम पाण्यात धरून वितळवायची आणि आईंचा उजवा हात-पाय चोळायची. बाबा टाकीच्या काचेला तळवा लावून पाणी कोमट आहे ना बघायचे. आधी नवरीची चौकशी, मग चहा. मी आत्ता लिहिताना मोजते आहे, तर ते दिवस जेमतेम चारच होते. मला ते एका अख्ख्या ऋतूएवढे आठवतात.

पण औषधाने पाणी निळं झालं होतं, शाईसारखं. नवरी त्यात दिसेना. आई मान वळवून बघायच्या, शोधायच्या आणि घशातून तो सूर काढायच्या. घास परत यायला लागले. चौथ्या दिवशी मी टाकीमागे विजेरी धरून पाहिलं, तर अंगावर एकही ठिपका नव्हता. लख्ख, आणली तेव्हा होती तशी. मी ओरडलेच. "आई, बरी झाली तुमची नवरी!"

आणि मी पाणी बदललं. निळं सगळं काढलं, मीठ गेलं, हीटर काढला, तळाचे खडे तसेच ठेवून वरून स्वच्छ पाणी भरलं. दुकानदाराचा शब्द मनात एकदा येऊन गेला. पण आईंनी जेवावं म्हणून केलं मी ते. त्या जेवल्याही. त्या रात्री दोन घास जास्त खाल्ले.

ठिपका गेला म्हणजे रोग गेला, असं नसतं. हे मला नंतर कळलं, पाठच झालं म्हणा. तो किडा पोट भरलं की मासळीच्या अंगावरून आपणच गळतो, तळाशी खड्यांत जाऊन बसतो, आणि तिथे एकाचे शेकडो होऊन पुन्हा मासळी शोधत निघतात. अंग स्वच्छ दिसतं तेव्हा घरफोड्या आणखी माणसं आणायला गेलेला असतो. आणि अंगावर दिसला नाही तरी तो एका जागी असतोच. ती जागा बाहेरून दिसत नाही.

पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आईंनी एक नवीनच काढलं. डावा हात उचलायचा आणि मानेला लावायचा. कानाच्या खाली, जबड्यामागे. बोटांनी तिथली कातडी वर ओढल्यासारखी करायची आणि माझ्याकडे बघायचं. मी जवळ गेले की पुन्हा तेच. पुन्हा माझ्याकडे.

"मान दुखते का?" मी विचारलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि हात पुन्हा तिथेच नेला.

बाबांनी बामाची डबी काढली. "सारखी वलून वलून बगते, मान धरनारच." संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ते खाटेशी बसायचे आणि त्या भेगाळ हातांनी हळूहळू मान चोळायचे. सोळा वर्षांत मी त्यांना आईंशी दोन गोड शब्द बोलताना पाहिलं नव्हतं. दोघांची भाषाच भांडणाची. आता ते कानाखाली बाम चोळायचे आणि पुटपुटायचे, "हितं ना? हितंच ना गो?" आई त्यांचा हात झटकायचा प्रयत्न करायच्या. बाबा म्हणायचे, "झोंबतंय तिला."

तिसऱ्या दिवशी मी शहाणीने ठरवलं, मानेला आराम हवा. टाकी उचलून बाहेरच्या खोलीत ठेवली. आईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पदराने पुसलं आणि म्हटलं, "दोनच दिवस हो."

रविवारी त्यांना गाडीत घालून अकलोलीला नेलं. गरम कुंडांच्या पाण्याने गेलेलं अंग परत येतं, अशी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. आम्ही काही फार मानत नव्हतो, पण माणूस अडला की सगळं मानतो. बाबांनी आईंना पाय कुंडात सोडून बसवलं, मी मागून धरलं. वाफा येत होत्या. आईंना ते पाणी आवडलं असावं. पण डावा हात मात्र दर थोड्या वेळाने मानेकडे जात होता, आणि शेजारच्या एका बाईने विचारलं, "काय वो, मानला काय झाला त्यांच्या?" मी म्हटलं, "दुखते जरा." येताना गाडीतही तेच. त्यांनी माझं मनगट पकडलं आणि माझी बोटं स्वतःच्या कानाखाली नेली. मी तिथे हळूच दाबलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ती नजर मी आजही कुणाला सांगू शकत नाही.

घरी आलो तेव्हा नवरी पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होती. अंगावर ठिपके होते, पण फार नाही. बाबांनी धावत जाऊन मीठ आणलं, मी हीटर लावला, निळं औषध ओतलं. बाबांनी या वेळी पाणी चाखलं नाही. दिवेलागणीच्या सुमारास ती आडवी झाली. ज्या मीठ-उबेने चार दिवसांत तिला वाचवलं होतं, ती आता कामाची नव्हती.

ज्या घरात रोज मासे चिरले जातात, त्या घरात आम्ही तिघं त्या बोटभर मासळीसमोर सुतक पडल्यासारखे बसलो. टाकी मी आईंच्या खोलीत परत आणली होती, ते एक बरं केलं. बाबा म्हणाले, "जल्मान मासली पुरली न्हाय मी." त्यांनी तिला केळीच्या पानाच्या तुकड्यात घेतलं आणि खाडीवर जाऊन सोडून आले. ती गोड्या पाण्यातली होती. पण त्यांच्या लेखी मासळी परत जाते ती खाडीतच.

आईंनी मान डावीकडे केली, भिंतीकडे. ती पुन्हा उजवीकडे वळली नाही. मानेला हात लावणंही त्या दिवसापासून बंद झालं.

आणि मी, सोळा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेली मी, बाबांना म्हणाले, "बघा, बामाचा गुण आला."

माघात आई गेल्या. दुसरा झटका होता, डॉक्टरांनी सगळं समजावलं, मासळीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मला मान्य आहे. माझं दुःख त्या गेल्या एवढंच असतं तर मी ते इतर सुनांसारखं वर्षभरात पचवलंही असतं.

पावसाळा सरून बाजारात मासळी आली तेव्हाची गोष्ट. मी आईंच्याच जागी बसणाऱ्या एका ओळखीच्या बाईकडे पापलेट बघत होते. कातडी सुरेख होती. सवयीने माझा डावा हात मासळीवर गेला, अंगठ्याने कल्ला वर केला आणि आतला रंग बघायला मी वाकले. माझा अंगठा मला दिसला. कानाखाली, जबड्यामागे. कातडी वर ओढलेली.

ती बाई विचारत होती, "काय झाला बाय? ताजी हाय, सकालची हाय." मी मासळी ठेवली आणि तिथेच टोपल्यांमध्ये खाली बसले.

मान दुखत नव्हती. त्या मला सांगत होत्या. पाणी स्वच्छ झाल्याबरोबर त्यांनी पाहिलं होतं, खाटेवरून, चार हातांवरून. अंग लख्ख, पण कल्ले भराभर हलताहेत, म्हणजे किडा तिथे आत बसलेला. कल्ला उचलून बग. चाळीस वर्षं मासळी विकलेल्या बाईचं तेवढं एकच वाक्य आत शिल्लक होतं आणि ते त्यांनी एका हाताने पुन्हा पुन्हा म्हटलं. माझी बोटं धरून म्हटलं. आम्ही त्यावर बाम चोळला. जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं, मला कळायला हवं होतं. ते वाक्य त्यांनी मलाच शिकवलं होतं, चार बायकांदेखत.

नवरी वाचली असती का? कदाचित. एवढं मोठं नाही ते. पण आपलं कुणाला तरी समजलं, एवढं तरी त्यांना कळलं असतं. त्या न समजलेल्या गेल्या, आणि न समजणारी मी होते. माझ्याकडे याहून सोपं वाक्य नाही.

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आज दुपारी मी अंगणात गेले तर तेल उन्हाने वितळलं होतं. बाबा बाटली मांडीवर घेऊन बसले होते. हल्ली त्यांनाही कमी ऐकू येतं, थंडीत बोटं आखडतात. मी थोडं तेल घेऊन त्यांचे हात चोळायला बसले. तेच भेगाळ, मिठाने खाल्लेले हात.

ते म्हणाले, "शेवटाला तिची मान लय दुखायची गो."

मी चोळत राहिले.

"डॉक्टरला न्हाय कलला. तुला न्हाय, पोराला न्हाय. बोलता येत नव्हता तिला, पन मना कलला. रोज बाम लावला मी. मंग कसा हात न्यायची बंद झाली, बगलास ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच्यामागे थोडा अभिमानही होता. "आख्ख्या जल्मान तिचा एक तरी कलला मना."

अंगणात ऊन चांगलं तापलं होतं. मी त्यांची आखडलेली बोटं एकेक करून सरळ केली.

"हो बाबा," मी म्हटलं. "तुम्हालाच कळलं."